लग्नाच्या डिशा आणि अंघोळीचं पाणी

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं. उद्यावर ढकललं तर मी ते गोड करून सांगेन, माझं मला माहितीये. आत्ता केसांना वास येतोय, तोवर सांगते. दोनदा शाम्पू लावला तरी जात नाहीये. जळलेल्या प्लास्टिकचा वास. मी आज माहेराहून परत आले, तर दारातच सासूबाईंनी नाक आक्रसून विचारलं, "काय गं, माहेरी होळी पेटवली होती की काय?" मी हसले. हसून डोकं धुवायला गेले, मग खोलीत आले आणि तेव्हापासून टाइप करतेय, चुका दिसल्या तर दिसू देत.

तर मी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. एसटी खाली सडकेला सोडते, पुढे चढण. कॉलेज महाडात केलं, नंतर महाडातच एका दुकानात बिलं करायला लागले. आणि कॉलेजपासूनच मला ते वेड लागलं. म्हणजे प्लास्टिक नको, पाणी वाया नको, फुकटचं काही घ्यायचं नको. खांद्याला कायम कापडी पिशवी, पिशवीत स्टीलची बाटली आणि एक रिकामा डबा. स्टँडवरचा वडेवाला मला डब्यात वडा घालून द्यायचा आणि दर वेळी म्हणायचा, "ताई, एखाद दिवस आमच्या कागदाचा पण मान ठेवा." वाडीत माझं नावच पडलं, पिशवीवाली. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, आमच्या घरातले पुढारी, ते तर पाहुण्यांना सांगायचे, "ही आमची पोर. हिला चंद्रावर पाठवा, तिकडं पण झाडू मारील."

मला राग नाही यायचा. खरंच नाही. कारण मला वाटायचं एकदा काहीतरी करून दाखवलं की पटेल यांना. आणि करून दाखवायचं ते माझ्या लग्नात, हे मी लग्न ठरायच्या आधीच ठरवून बसले होते.

का लग्नातच, ते सांगते. आमच्या घराच्या खाली पऱ्या आहे, म्हणजे ओढा. पावसात तो असा धडाडतो की ओटीवर बोललेलं ऐकू येत नाही, आणि मे महिन्यात नुसते गोटे. त्या गोट्यांत एका जागी वाळू उकरून खड्डा केलेला असतो, त्याला आम्ही डवरा म्हणतो. त्यात पाणी झिरपतं. बाया कळशी घेऊन बसतात आणि वाटीने पाणी भरतात. टँकर आला तर आला, पण प्यायला डवराच. आणि वाडीतल्या प्रत्येक लग्नाचा कचरा जातो तो पण त्याच पऱ्यात. पूर्वीपासून जातो. पूर्वी पानं जायची, आता डिशा जातात. "पाऊस आला की घेऊन जाईल" हे एकच उत्तर सगळ्यांचं.

गेल्या वर्षी चुलत भावाची हळद झाली. दुसऱ्या दिवशी मी आईबरोबर पाण्याला गेले तर डवऱ्याभोवती पांढऱ्या डिशांचा खच, आणि पाण्यावर तेलाचा तवंग. मटणाच्या रश्श्याचा. आईने काय केलं असेल? तळहाताने तवंग बाजूला सारला आणि वाटी बुडवली. बाजूच्या काकूने पण तेच केलं. कोणी शिवी पण दिली नाही. मला वाटलं मी किंचाळेन. त्याच दिवशी मी आईला म्हटलं, "माझ्या लग्नाचं एक पण प्लास्टिक या पऱ्यात पडणार नाही."

आई म्हणाली, "आधी नवरा तर मिळू दे गो."

नवरा मिळाला. महाडचाच, चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीतला. मी पहिल्याच भेटीत त्याला सांगितलं, की लग्नात डिशा नाहीत, सीलबंद बाटल्या नाहीत. तो म्हणाला, "मस्त आयडिया आहे." मला तेवढ्यावर तो आवडला. एवढी सोपी मी.

आता जेवायला घालायचं कशात? आमच्या गावकीची स्टीलची ताटं आहेत. देवळात पेटीत असतात, लागतील त्याने न्यायची, धुवून परत ठेवायची. मी आधी तेच म्हटलं. आई माझ्याकडे बघतच राहिली.

"धुवायला पाणी? तुझा नवरा महाडवरनं नदी उचलून आणील काय?"

बरोबर होतं तिचं. मे महिन्यात अख्ख्या वऱ्हाडाची ताटं धुवायची म्हणजे वाडीचं प्यायचं पाणी राखेबरोबर ओतायचं. मग मी म्हटलं, पत्रावळी. पळसाची पानं आहेत, वडाची आहेत, तुला लावता येतात. जेवून झालं की खड्ड्यात, खत.

आणि इथे आईने तांदळाचं सूप पुढ्यात ओढलं. मला वाटलं कामाला घाबरली. तसं नव्हतं. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "माझ्या लग्नात पत्रावळीच व्हत्या. बापाकडं काय नव्हतं म्हणून. तुझ्या आत्या अजून बोलतात, पानावर जेवून आणली सून. मला वाटलेलं तुझ्या टायमाला टेबल लागंल, डिशा, बाटल्या. लोकं उभी राहून जेवतील."

मी काय केलं असेल? समजावलं. मला समजावता फार येतं. नदी, समुद्र, मासे, पुढची पिढी, सगळं सांगितलं. आई ऐकत होती की नव्हती माहीत नाही. शेवटी म्हणाली, "बरं. तुझं लगीन, तुझं पान."

मग एप्रिलभर आम्ही दोघी दुपारी पडवीत बसून पत्रावळी लावत होतो. मी सुट्टीच्या दिवशी, ती रोज. बांबूच्या बारीक काड्या ती दाताने तोडायची. माझं पान फाटायचं, तिचं फाटायचं नाही. ती मधेच थांबून हातातली पत्रावळ लांब धरून बघायची, गोल आलीय का. येणारीजाणारी प्रत्येक बाई टोमणा मारून जायची.

"एवढी शिकली नि पानं शिवायला बसली गो!"

"शिकली म्हणूनच बसली," आई म्हणायची. "न शिकलेल्या बाजारात जाऊन डिशा आणतात."

मला वाटलं आई माझ्या बाजूने झाली. पत्रावळींचे गठ्ठे बांधून आम्ही वर माळ्यावर ठेवले, उंदीर लागू नयेत म्हणून वर कडुलिंबाचा पाला. मी त्या गठ्ठ्यांचा फोटो काढून ऑनलाइन टाकला होता. भरपूर बदाम आले.

आता हळदीचा दिवस. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, आमच्याकडे नवरीला हळद लागली की तिने मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नाही. बाहेरचं लागतं म्हणतात. मी असलं काही मानत नाही, पण आईसाठी म्हटलं ठीक आहे. तर मी पाटावर, कपाळापासून पायापर्यंत पिवळी, हातात सुरी दिलेली, आणि समोर सडकेवरून वर येणारा टेम्पो. बाबा आदल्या दिवशीच मुंबईहून आले होते, वीर स्टेशनला उतरून रिक्षा करून. ते टेम्पोच्या मागून गप खाली मान घालून चालत होते. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

टेम्पोतून काकांनी खोकी उतरवली. डिशा. वाट्या. प्लास्टिकचे ग्लास. आणि पाण्याच्या त्या छोट्या सीलबंद बाटल्या, खोक्यावर खोकी.

मी पाटावरूनच ओरडले, "काका, हे काय?"

"काय म्हणजे? वऱ्हाड महाडचं हाय. त्यांना पानावर बसवू?"

"मी सांगितलंय त्यांना!"

"तू नवऱ्याला सांगितलंस. नवरा म्हणजे वऱ्हाड नाय गो बाय."

"मग पत्रावळी कशाला लावल्या आम्ही महिनाभर?"

काका हसले. "हौस. हौसेला मोल नाय."

मी उठले. एकदम चार बाया अंगावर आल्या, "अगो अगो, हळदीच्या अंगानं कुठं चालली! बस खाली!" मला वाटलं आई तरी म्हणेल जाऊ दे तिला. आईने माझा दंड धरला. घट्ट. आणि कानाशी म्हणाली, "मी सांगितलं त्यांना आणायला."

मी बसले.

म्हणजे बसवलं नाही कोणी, माझी मीच. आई माझ्याकडे न बघता माझ्या पायांना हळद लावत राहिली, आधीच लावलेल्या जागी परत परत. "एकदाच गो," म्हणत होती, "एकदा तरी माझ्या मांडवात दिसू दे."

मी नवऱ्याला फोन लावला, फोन हळदीने भरला. तो म्हणाला, "अगं जाऊ दे ना, एका दिवसाचा प्रश्न आहे. आणि खरं सांगू, आमच्या मामांना खाली बसता येत नाही."

पत्रावळींचं काय झालं विचारा. मी म्हटलं ठीक, वऱ्हाडाला डिशा द्या, निदान वाडीला पानं वाढा. तर वाडीतल्या बायाच उखडल्या. "पाव्हण्यांना डिश नि आमाला पान? आमी काय वेठीला आलोय?" ज्या डवऱ्यावर तवंग सारून पाणी भरतात, त्याच बाया! मला त्यांचा राग पण येत होता आणि कळत पण होतं. ज्याला कायम पानच वाढलंय त्याला पुन्हा पान दाखवून तुम्ही पृथ्वी वाचवा म्हणणार? पण राग जास्त येत होता. शेवटी देवाच्या नैवेद्याला एक पत्रावळ घेतली, आणि मटणाचं पातेलं उतरवून ठेवायला खाली काही अंथरल्या. बाकी माळ्यावर तशाच.

लग्न झालं. छान झालं म्हणतात सगळे. टेबलं लागली, लोक उभं राहून जेवले, आई नवी साडी नेसून बाटल्या वाटत फिरत होती, एकेकाच्या हातात बाटली देताना अशी द्यायची जशी ओटीच भरतेय. तिला तेवढी खूश मी कधी पाहिली नव्हती. माझे फोटो बघितले तर सगळ्यात माझं तोंड वाकडं. करवली म्हणत होती, "हस की, लग्न आहे तुझं, दहावा नाय."

निघायची वेळ आली. सगळ्या बाया रडायला तयार. मी आईच्या गळ्यात पडले आणि माझ्या तोंडून काय निघावं? "आई, डिशा पऱ्यात नको टाकू देऊ. एवढं तरी कर."

मागून कोणीतरी म्हणालं, "बघा, जाताना काय बोलते पोर! आईबापाची आठवण नाय, कचऱ्याची काळजी."

आई म्हणाली, "नाय टाकू देत. जा तू."

सासरी आले. इथे घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ आहे, रंग दिला तरी खालून दिसते. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी कौतुकाने दाखवली, देवघर दाखवावं तशी. "इथवर आलं होतं. पाण्यापेक्षा घाण वाईट. चिखल निघतो, पण त्यातनं डिशा, पिशव्या, बाटल्या, काय विचारू नको. सगळं वरून येतं, सावित्री नदीतून. तुमच्या पोलादपूरचा आहेर." आणि हसल्या. मी पण हसले. लग्न झाल्यापासून मी नुसती हसतेच आहे. पण मनात म्हटलं, या वर्षी नाही येणार माझ्या मांडवातला. आईने शब्द दिलाय.

मग काल पाचपरतवणाला, म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या माहेरपणाला, आम्ही दोघं वाडीत गेलो. बाइक सडकेला लावून पायवाटेने चढण चढताना मी आधी कुठे बघितलं असेल? पऱ्यात. आणि खरं सांगते, मी वाटेतच आनंदाने उडी मारली. स्वच्छ! नुसते गोटे, डवरा, डवऱ्याशी एक कळशी. एक डिश नाही, एक ग्लास नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "बघितलंस? बघितलंस? ऐकतात लोकं, सांगितलं तर ऐकतात!" लगेच फोटो काढला. वर लिहिलं, आमच्या लग्नानंतरचा आमच्या वाडीचा पऱ्या, बदल घरापासून होतो. टाकून पण दिला, रेंज होती तेवढ्यात. घरी पोचेपर्यंत कितीतरी जणांनी लिहिलं होतं, ग्रेट, तुझा अभिमान वाटतो वगैरे.

संध्याकाळी आई म्हणाली, "आज डोकं धुवून घे, उद्या सासरी जायचं. पाणी तापवलंय." आमची न्हाणी घराच्या मागे, आणि न्हाणीला लागून पाणी तापवायची चूल. मी टॉवेल घेऊन मागे गेले तर धूर. काळा. चिकट. लाकडाचा नव्हेच. त्या धुरात आई उकिडवी बसलेली, पदर नाकाला, खोकतेय, आणि बाजूच्या गोणीतून दोन दोन डिशा काढून चुलीत सरकवतेय. डिश आत गेली की आधी वाकडी व्हायची, मग ठिबकायची, मग निळी पेटायची.

"आई! काय करतेस!"

"तुला पाणी नको तापवायला?" खोकत खोकत. "चांगल्या पेटतात गो. सरपण वाचतं किती. बाटल्या तेवढ्या ठेवल्यात, कोकमाचं आगळ भरून देते तुला."

भिंतीशी गोण्या होत्या. एक नाही, ओळ. आईने पऱ्यात जाऊन एकटीने सगळं वेचून आणलं होतं. तुम्ही निघालात तशी लोकांनी टाकायला सुरुवात केली, म्हणाली. ओरडून कोण ऐकतंय. काका म्हणाले, पाऊस घेऊन जाईल वैनी, तू कशाला वाकतेस. वाडीतली एक बाई आली नाही मदतीला. बाबा तर दुसऱ्याच दिवशी मुंबईला गेले, रजा संपली.

"तू म्हणालीस ना, टाकू नको. मग मी नाय टाकल्या."

मी तिला सांगितलं. अजून पण मला समजावताच येतं ना! हा धूर विषारी असतो आई, छातीत जातो, पऱ्यात टाकण्यापेक्षा वाईट आहे हे, तू रोज असा घेतेस का? रोज घेत होती. मी गेल्यापासून रोज. ती ऐकत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू असा झाला जसा शाळेत मार खाणाऱ्या पोराचा होतो. सगळा अभ्यास करून पण.

"मग कुठं टाकू?" तिने विचारलं. भांडत नव्हती. खरंच विचारत होती. "तूच सांग. मी तिथं टाकते."

आता सांगा मला, मी काय सांगायचं होतं? वाडीवर घंटागाडी येत नाही. पुरलं तर पावसात उकरून वर येतं, जमीन उताराची. मी नवऱ्याला म्हटलं, बाइकवर दोन गोण्या नेऊया महाडला. तो म्हणाला, "पाचपरतवणाहून लोक बायको घेऊन येतात, मी कचरा घेऊन जाऊ?" आणि समजा नेल्या, तर महाडची गाडी तरी कुठे नेऊन ओतते ते काय मला माहीत नाही? या डिशांना जागाच नाहीये कुठे. टेम्पोतून उतरल्या तेव्हाच नव्हती. आणि टेम्पो उतरत होता तेव्हा मी पाटावर बसून होते, पिवळी.

मग आईनेच विषय बदलला. "पाणी निवतंय. जा."

मला आठवलं तेव्हा. म्हटलं, "आई, जाळायचंच होतं तर त्या पत्रावळी होत्या ना माळ्यावर. वाळलेल्या. त्या का नाही घातल्या चुलीत?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलले.

"त्या कशा जाळू? आपण दोघींनी लावल्यात त्या."

अंघोळ केली मी. त्याच पाण्याने. न्हाणीच्या फटीतून धूर आत येत होता आणि बाहेर आई विचारत होती, "कढत हाय ना गो? अजून दोन घालू?" मी म्हटलं, नको. तरी तिने घातल्या असाव्यात, पाणी शेवटपर्यंत गरम होतं. मी डोळे मिटून तांब्यामागून तांब्या ओतत होते, कारण ते पाणी डवऱ्याचं होतं, वाटीवाटीने तिने भरलेलं, ते तर वाया घालवता येत नाही. हे पण मीच शिकवलेलं ना.

आज निघताना तिने आगळाच्या बाटल्या पिशवीत भरल्या. माझ्याच कापडी पिशवीत, माझ्याच लग्नातल्या बाटल्या. सासूबाई खूश झाल्या. नवऱ्याने दारातच एक उघडून चाखली. पऱ्याचा तो फोटो अजून तसाच आहे, आत्ता परत उघडून बघितला, आणखी चौघींनी लिहिलंय की आमच्या गावात पण करू. मी काढून टाकणार होते. काढला नाही. काढला तर काय लिहू, आई जाळतेय म्हणून पऱ्या स्वच्छ आहे?

आत्ता घरी फोन लावला होता. आई म्हणाली काळजी करू नको, बऱ्याच संपल्या, दोनच गोण्या राहिल्यात. बोलता बोलता खोकली. मी म्हटलं, "उरलेल्या राहू दे आई, पऱ्यात टाक." ऐकलंत? मी म्हटलं हे. माझ्या तोंडाने.

तर ती म्हणते, "आता नाय टाकणार. लोकं नावं ठेवतील तुला, पिशवीवालीच्या लग्नाच्या डिशा बघा म्हणून."

तुमच्या घरात झालंय का असं कोणाचं? म्हणजे तुम्ही हट्ट धरला चांगल्यासाठी, आणि त्याचा धूर दुसऱ्याच कुणाच्या छातीत गेला? झालं असेल तर सांगा ना. आणि त्या दोन गोण्यांचं काय करायचं ते माहीत असेल तर ते आधी सांगा, तिच्या सकाळच्या अंघोळीच्या आत.